हे पान नीट दिसत नसल्यास

वसईच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो. दिवसभर पंख्याखाली बसून पुस्तकं वाचायची नोकरी, असं ज्यांना वाटतं त्यांच्याशी वाद घालणं मी केव्हाच सोडून दिलं. माझी निम्मी नोकरी 'नाही' म्हणण्यात गेली. अमुक जर्नल आहे का? नाही. मागवता येईल का? नाही, त्या एकाच्या वर्गणीत आपली वर्षभराची पुस्तकं येतात. मग एखादा हौशी प्राध्यापक परदेशातल्या लेखकाला पत्र लिहायचा, की आपल्या लेखाची एक प्रत कृपया पाठवावी. आलीच तर ती काही महिन्यांनी यायची. तिच्या झेरॉक्स निघायच्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघायच्या, आणि शेवटच्या माणसाच्या हाती पडलेल्या कागदावर आलेख कुठला आणि शाईचा डाग कुठला, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

त्यामुळे नव्वदचं दशक संपता संपता 'ई-जर्नल' हा शब्द कानावर यायला लागला तेव्हा मी भाळलो, हे कबूल करायला हरकत नाही. ग्रंथपालांच्या कार्यशाळा व्हायच्या. कोणीतरी पडद्यावर चित्रं दाखवत सांगायचं, की आता खेड्यातल्या कॉलेजात आणि परदेशातल्या विद्यापीठात फरक उरणार नाही. समोसा खाताना मी अशा एका वक्त्याला सांगितलं, की आमच्या कॉलेजात फोनची एकच लाइन आहे आणि ती प्राचार्यांच्या टेबलावर आहे. तो हसला. मीही हसलो. पण विरारला घरी जाताना मी मनात हिशेब मांडत होतो, की फोनची दुसरी लाइन कोणाच्या मागे लागून मिळवता येईल.

त्याला कारण आमचं त्रैमासिक. किनारपट्टीचा भूगोल, शेती, मिठागरं, मासेमारी या विषयांवर मराठीत शोधनिबंध छापणारं ते एक किडकिडीत प्रकाशन होतं. संपादक म्हणजे आगाशीत राहणारे भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक. सगळे त्यांना नुसतं 'सर' म्हणत, मीही म्हणायचो. मी सहसंपादक होतो, कारण जुने अंक ठेवायला माझ्याकडे कपाट होतं.

सरांचा एक रिवाज होता. लेख छपाईला जाण्याआधी लेखकाने आगाशीला त्यांच्या घरी यायचं आणि प्रुफावर जे जे असेल ते मोठ्याने वाचायचं. जे जे म्हणजे सगळं. लेखाचं नाव, लेखकाचा पत्ता, तळटीपा, आकडे एकेक करून, स्वल्पविराम आणि पूर्णविरामसुद्धा. सर डोळे मिटून ऐकायचे आणि मी दुसऱ्या प्रतीवर लाल पेन घेऊन बसायचो. चूक सापडली की लेखक ओशाळायचा, स्पष्टीकरण द्यायला लागायचा. सर डोळे न उघडता एवढंच म्हणायचे, "घ्या पुढे." मोठमोठे विभागप्रमुख विरारहून बस पकडून आगाशीला यायचे आणि सरांच्या ओसरीवर बसून शाळेतल्या पोरांसारखे 'स्वल्पविराम' म्हणायचे. मला फार मजा वाटायची.

एवढ्याने भागायचं नाही. शेवटचं वाचन परक्याचं. सरांच्या शेजारी एक निवृत्त बस कंडक्टर राहायचे. ते चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून पानं वाचायचे. त्यांना विषय कळावा अशी अपेक्षाच नव्हती. सरांचं म्हणणं, "लिहिणाऱ्याला आणि छापणाऱ्याला काय लिहिलंय ते आधीच ठाऊक असतं. ज्याला ठाऊक नाही त्याला दिसलं पाहिजे."

मग आमचा अंक छापणारा प्रेसवाला थकला आणि त्याच्या मुलांनी त्या गाळ्यात मोबाइलचं दुकान टाकलं. दुसरे प्रेसवाले लग्नपत्रिकांच्या हंगामात आमच्याकडे ढुंकूनही बघेनात. वर्षभर अंक निघाला नाही. तेव्हा मी सरांना म्हटलं, आपण अंक नेटवर काढू. फुकट जागा मिळते. कागद नको, पोस्ट नको. मी शिकून घेतलंय.

"वाचणार कोण?" सरांनी विचारलं.

"सगळं जग, सर."

"जगाचं राहू द्या. जूचंद्रच्या मुलीचा लेख पडून आहे, तो निघेल का?"

जूचंद्र गावची ती मुलगी आमच्याच कॉलेजची विद्यार्थिनी. खाडीकाठच्या शेतकऱ्याच्या घरातली. लायब्ररी बंद होईपर्यंत बसायची आणि निघताना खुर्ची आत सरकवून ठेवायची. एवढ्यावरूनही ती माझ्या लक्षात राहिली असती. एम.ए. होऊन ती कॉलेजातच तासावर शिकवायला लागली, तेव्हा मी तिला 'मॅडम' म्हणून पाहिलं. ती म्हणाली, "सर, तूच म्हणा. मॅडम म्हटलं की मला मागे कोणीतरी उभं आहे असं वाटतं."

तिचा लेख खारजमिनीतल्या भातशेतीवर होता. खाडीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून मातीचा खारबांध घालतात, आणि तो बांध राखायची पाळी घराघराला वाटून दिलेली असते. उधाणाच्या दिवसांत कोणी जागायचं, फुटला तर माती कोणी कुठून आणायची, खारं पाणी शिरलेल्या शेतात पुढच्या साली कुठलं भात तगतं, हे सगळं तिने आपल्या वडिलांच्या तोंडून ऐकून, टिपून, बांध पायांखाली घालून लिहिलं होतं. वडील फारसे शिकलेले नव्हते. ती सांगायची, "बाबा मला विचारतात, हे समदं आमाला म्हाईत हाय, तू कोनाला सांगतंस?" सरांना तो लेख इतका आवडला होता, की वाचनाच्या वेळी त्यांनी मधेच डोळे उघडले. मी त्यांना तसं करताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास उत्तरेकडच्या एका कॉलेजात भूगोलाच्या कायम जागेची जाहिरात आली. तासावर शिकवणाऱ्या माणसाला 'कायम' हा शब्द कसा ऐकू येतो ते बाहेरच्याला कळायचं नाही. अर्जात प्रकाशित शोधनिबंधाचा रकाना होता. तिचा एकच लेख होता आणि तो आमच्याकडे अडकला होता. मुलाखतीची तारीख आली तेव्हा माझ्या अंगात आलं. मी म्हटलं, बाई, तुझा लेख मी आठ दिवसांत जगापुढे ठेवतो.

आणि ठेवला. विरारच्या एका डीटीपीवाल्याकडून मजकूर घेतला. लायब्ररीतल्या एकमेव संगणकावर पानं जुळवली. प्राचार्यांच्या फोनची तार जिन्यावरून खाली ओढून, मोडेमची ती किंकाळी ऐकत, एकेक पान वर चढवलं. तेव्हा मराठी अक्षरं आतासारखी कुठल्याही यंत्रावर आपोआप उमटत नसत. ज्या फाँटमध्ये मजकूर टाइप केला तो फाँट वाचणाऱ्याच्या संगणकावर असावा लागे. हे मला माहीत होतं. मी काही अगदीच अडाणी नव्हतो. म्हणून मी प्रत्येक पानाच्या माथ्यावर शहाण्यासारखी एक सूचना घातली: हे पान नीट दिसत नसल्यास खाली दिलेल्या ठिकाणाहून फाँट उतरवून घ्यावा.

मी आगाशीला जाऊन सरांना सांगितलं, अंक निघाला. तोवर त्यांना डोळ्यांनी दिसेनासं झालं होतं. त्यांनी विचारलं, "परक्याचं वाचन झालं?"

लेखाचं वाचन तर वर्षापूर्वीच झालं होतं. आता परका माणूस शोधायचा म्हणजे कंडक्टरांना बसमधून वसईला आणायचं आणि संगणकासमोर बसवायचं. मुलाखत चार दिवसांवर आली होती. मी म्हटलं, "सर, नेटवर सगळे परकेच. आता जगच वाचेल." सरांनी डोळे मिटले. मला वाटलं त्यांना पटलं.

पानाच्या तळाशी वाचकांची संख्या दाखवणारा आकडा होता. तो रोज थोडा थोडा पुढे सरकायचा. त्यातले बरेचसे वाचक मीच होतो. तरी दुसऱ्या कोणीही उघडलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. अभिप्रायाच्या वहीत परदेशातल्या कोणा गृहस्थाने इंग्रजीत विचारलं होतं, की पान छान आहे, पण ही भाषा कोणती? मी मोठ्या उत्साहाने उत्तर दिलं, की ही मराठी, आणि तिला केवढी परंपरा आहे.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी मी तिला लायब्ररीच्या प्रिंटरवर लेख छापून दिला, माथ्यावरच्या सूचनेपासून तळाच्या आकड्यापर्यंत जसाच्या तसा. बरोबर एक फ्लॉपी दिली. म्हटलं, हिच्यात फाँट आहे, असू दे जवळ. गरज पडणार नाही.

मुलाखतीनंतर ती लायब्ररीत आली ती सरळ माझ्या टेबलापाशी. उभीच राहिली. समितीत बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी कागद उलटसुलट करून विचारलं, छापील अंक कुठे आहे? ती म्हणाली, नेटवर आहे. ते म्हणाले, मग दाखवा. बिचाऱ्यांची तयारी होती. सगळे उठून संगणकाच्या खोलीत गेले. पान उघडलं तर त्यावर नुसती डोक्यावर टोप्या घातलेली रोमन अक्षरं, उलटसुलट चिन्हं, मधेमधे चौकोन. तिने बॅगेत फ्लॉपी शोधली. फ्लॉपी नव्हती.

"बाबांनी टेबल पुसताना उचलून फळीवर ठेवलेली," ती म्हणाली. "घरी गेले तेव्हा सापडली. सर, चूक माझीच. सकाळी बॅग बघायला हवी होती."

"तज्ज्ञ काय म्हणाले?"

"म्हणाले, निदान एक सूचना तरी टाकायची, फाँट कुठून घ्यायचा त्याची. मग म्हणाले, हे प्रकाशित धरता येणार नाही."

मी मनातल्या मनात त्या तज्ज्ञांच्या नावाने बोटं मोडली. सूचना तर माथ्यावरच आहे, डोळे कुठे ठेवले होते? तिला म्हटलं, "जाऊ दे. जागा काय, पुन्हा निघतात." ती मान हलवून तासाला गेली. जाताना तिने खुर्ची आत सरकवली, बसली नव्हती तरी.

तज्ज्ञांना खरमरीत पत्र लिहायचं मी ठरवलं होतं. पत्रात पानाचा नेमका पत्ता द्यावा म्हणून दोन-तीन दिवसांनी, कॉलेजचा फोन बंद होता तेव्हा, मी वसई स्टेशनजवळच्या एका सायबर कॅफेत शिरलो. पान उघडलं. माथ्यावर दोन ओळी टोपीवाल्या रोमन अक्षरांच्या होत्या. त्याखाली लेखाचं नाव, तेही तसंच. मी त्या दोन ओळींकडे किती वेळ बघत बसलो कोण जाणे. त्या ओळींतच माझी सूचना होती. फाँट नसेल तर काय करावं, हे मी त्याच फाँटमध्ये लिहिलं होतं.

ज्याच्याकडे फाँट आहे त्यालाच ती सूचना वाचता येत होती, आणि त्याला तिची गरज नव्हती. लायब्ररीच्या संगणकावर फाँट होता, डीटीपीवाल्याकडे होता. आम्ही दोघंच ती पुन्हापुन्हा वाचत होतो. परदेशातल्या त्या गृहस्थाने ही भाषा कोणती असं का विचारलं, तेही मला तिथेच कळलं. कंडक्टरांना आणून बसवलं असतं तर त्यांनी पहिल्याच ओळीखाली बोट ठेवून विचारलं असतं, हे काय आहे? मी चोरासारखं आजूबाजूला पाहिलं. शेजारी दोन मुलं कसलासा निकाल बघत होती.

दुसऱ्या दिवशी मी सूचना इंग्रजीत करून टाकली. पाच मिनिटांचं काम होतं. पत्र लिहिलं नाही. आणि तिला सांगितलं नाही.

का नाही सांगितलं, याची मी खूप कारणं दिली आहेत, सगळी स्वतःलाच. तिची जागा तर गेलीच होती. सांगून काय ती परत येणार? ती आधीच खचलेली, तिला आणखी कशाला. हे सगळं थोतांड. खरं कारण एकच, मला लाज वाटत होती. जो माणूस आयुष्यभर दुसऱ्यांच्या प्रुफावर लाल पेन चालवत आला, त्याची ही चूक होती. आज सांगू, उद्या सांगू करता करता सत्र संपलं. नंतर भरतीच बंद झाली. पुढच्या वर्षी कॉलेजने तिचे तास दुसऱ्या कोणाला दिले आणि ती लायब्ररीत यायची थांबली.

सरांनी विचारलं होतं, "त्या मुलीचं काय झालं?"

"नाही झालं, सर. समितीला नेटवरचं चालत नाही म्हणे."

सरांनी सुस्कारा सोडला. त्यांच्याशी मी एवढं एकच खोटं बोललो. त्यानंतर फार दिवस गेले नाहीत आणि ते वारले. त्रैमासिक त्यांच्याबरोबरच संपलं. नेटवरचा पहिला अंक हाच शेवटचा ठरला.

पण माझ्या निर्लज्जपणाचा कळस पुढेच आहे. ग्रंथपालांच्या एका चर्चासत्रात मला निबंध वाचायला बोलावलं. विषय, आपल्या देशातल्या इलेक्ट्रॉनिक शोधनियतकालिकांची स्थिती. निबंध चांगला झाला होता, आजही मी त्यातला बराचसा मजकूर मागे घेणार नाही. विज्ञानाच्या काही मोठ्या संस्थांनी आपली नियतकालिकं नेटवर खुली केली, त्यांचं मी कौतुक केलं. बाकी आपण सगळे हौसेने पहिला अंक काढतो, दुसरा उशिरा काढतो आणि मग त्या पत्त्यावर 'काम चालू आहे' म्हणून फावड्याने खणणाऱ्या माणसाचं चित्र लावून मोकळे होतो, असं म्हटलं. भारतीय भाषांकडे कोणी बघत नाही, जुनं जपून ठेवायची जबाबदारी कोणाची हे कोणालाच माहीत नाही, तेही म्हटलं. आणि निवड समित्यांची मानसिकता किती मागासलेली आहे याचं उदाहरण म्हणून, नाव न घेता, जूचंद्रच्या त्या मुलीची हकिकत सांगितली. श्रोते हळहळले. टाळ्या पडल्या. एक बाई येऊन म्हणाल्या, किती तळमळीने बोललात. सगळ्या निबंधात उदाहरण तेवढं खोटं होतं.

त्यानंतर वारं फिरलं ते मी बघत राहिलो. मोठ्या संस्थांना परदेशी जर्नलांचा ढीग एका पासवर्डवर मिळू लागला, आमच्यासारख्यांना तो पासवर्ड कधी मिळेल याची परिपत्रकं मिळू लागली. प्राध्यापकांना शोधनिबंधांची सक्ती वाढली, तशी कुठून कुठून ई-जर्नलं उगवली. लेख पाठवा, आठवड्यात टाकतो, असे फोन लायब्ररीत यायचे. कोणी वाचायचं नाही, तपासायचं नाही. रंगीत चौकट असलेलं प्रमाणपत्र यायचं. आणि समित्या ते घ्यायच्या. अशी प्रमाणपत्रं घेऊन तरुण मंडळी माझ्याकडे शिक्का मारून घ्यायला आली की मी शिक्का मारायचो. भांडायची उमेद उरली नव्हती.

नव्या शतकाचं पहिलं दशक संपत आलं आणि आम्हाला फुकट जागा देणारी ती वेबसाइटच बंद झाली. आमचा अंक तिच्याबरोबर गेला. मला खोटं बोलवत नाही, पहिल्यांदा बरं वाटलं. उरलासुरला पुरावा गेला.

मग एक ई-मेल आला. दुसऱ्या राज्यातला एक तरुण संशोधक खाऱ्या पाण्यात तगणाऱ्या भातावर काम करत होता. कुठल्याशा संदर्भसूचीत त्याला तिच्या लेखाचा पत्ता सापडला होता, पत्ता उघडत नव्हता. लेख मिळेल का? तो लिहीत होता, की मला मराठी येत नाही, पण वाचून दाखवणारा मित्र आहे. त्या लेखाला इतक्या वर्षांत मिळालेला हा पहिला खराखुरा वाचक.

मी फ्लॉप्या काढल्या. वसईच्या दमट हवेने त्यांच्यावर बुरशी चढली होती. एकही उघडली नाही. डीटीपीवाला केव्हाच दुकान बंद करून गावी गेला होता. छापील प्रत एकच होती, तिच्या मुलाखतीच्या फायलीत. तिचा नंबर शोधायला मला आठवडा लागला आणि फोन लावायला आणखी एक.

एका रविवारी दुपारी ती विरारला माझ्या घरी आली. केस कानांवर पिकले होते. नायगावला मुलांच्या शिकवण्या घ्यायची. बांधावर आता इमारती आहेत, म्हणाली, आणि वडील जाऊन दोन वर्षं झाली. फाइल तिने प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणली होती. कागद पिवळे पडले होते, पण अक्षर न् अक्षर शाबूत होतं. माझ्या संगणकावर आता मराठी कुठेही दिसेल अशी टाइप करता येत होती. मी म्हटलं, मी बघून करतो. ती म्हणाली, "नको सर. सरांच्या घरी वाचला होता तसा वाचते. तुम्ही टाइप करा."

मला तेव्हाच कळायला हवं होतं. ती रिवाजाप्रमाणे वाचणार होती, कागदावर जे जे असेल ते. आणि तिने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.

"हे पान नीट दिसत नसल्यास खाली दिलेल्या ठिकाणाहून फाँट उतरवून घ्यावा, पूर्णविराम."

माझी बोटं थांबली. तिने मान वर केली.

"हे पण घ्यायचंय?" तिने विचारलं, आणि मग पुन्हा कागदाकडे पाहिलं. "सूचना होती की सर. ते तज्ज्ञ तर म्हणाले, नाही." ती ओळ तिने मनात आणखी एकदा वाचली असावी, ओठ हलले. तिची बोली एरवी घरातच राहायची, ती त्या वेळी बाहेर आली. "पन सर, ज्याच्याकडे फाँट नाय, त्याला ही सूचना दिसनार कशी?"

"नाही दिसणार," मी म्हटलं. "दिसली नाही. चूक माझी होती."

"तुम्हाला कधी कळलं?"

"त्याच आठवड्यात."

मला वाटलं ती रागावेल. रागावली असती तर मी आयुष्यभर तिचा आभारी राहिलो असतो. ती खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाक्या बघत बसली. मग म्हणाली, "त्या फ्लॉपीवरून मी बाबांना फार बोलले होते. दोन महिने त्यांच्याशी धड बोललेच नाही. त्यांनी परत माझ्या टेबलाला हात लावला नाही. शेवटी दवाखान्यात होते ना, तेव्हापन आल्यागेल्याला सांगायचे, मी ती चकती उचलली, म्हनून पोरीची नोकरी गेली."

माफी मागायला मी तोंड उघडलं. पण ज्याची मागायची तो माणूस त्या खोलीत नव्हता.

तिने कागद सरळ केले.

"घ्या पुढे," ती म्हणाली.

मी घेतलं. लेखाचं नाव, तिचं नाव, तिचा जूचंद्रचा पत्ता. बांधाच्या पाळ्या, उधाणाच्या तिथी, मातीच्या पाट्या, भाताच्या जाती. तिचा आवाज कुठेही अडखळला नाही. एकेक आकडा, एकेक विराम ती देत गेली आणि मी टाइप करत गेलो. चार वाजून गेले, चहा तसाच राहिला. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश होता, एकाच ओळीचा. तो वाचताना तिने कागद डोळ्यांच्या अगदी जवळ धरला.

"या लेखातील सर्व माहिती लेखिकेच्या वडिलांनी दिली असून, स्वल्पविराम, काही चूक आढळल्यास ती त्यांची नाही, पूर्णविराम."